कावासाकीची बातमी आणि एका दिवसाचे दोन पंतप्रधान

१८ जून १९८८, शनिवार. त्या दिवशीच्या ‘असाही शिंबुन’ या दैनिकात कावासाकीच्या एका उपमहापौरांबद्दल बातमी होती. त्यांचं नाव कोमात्सु हिदेकी. रिक्रूट ही कंपनी कावासाकीत येऊ घातली होती, त्याच काळात तिच्या एका उपकंपनीचे शेअर त्यांना मिळाले. शेअर तेव्हा बाजारात आलेले नव्हते. ते आल्यावर कोमात्सुंनी विकले आणि सुमारे १० कोटी येन नफा कमावला. बातमी एवढीच. एका कारखानदार शहराचा एक पालिका अधिकारी आणि त्याचे शेअर, यात देशानं लक्ष घालावं असं वरवर काहीच नव्हतं. पण त्यानंतरच्या चौदा महिन्यांत जपानचे दोन पंतप्रधान पायउतार झाले, अर्थमंत्री गेले, नवे न्यायमंत्री शपथ घेऊन चौथ्या दिवशी घरी गेले, आणि ९ ऑगस्ट १९८९ रोजी जपानी संसदेच्या दोन सभागृहांनी पंतप्रधानपदासाठी दोन वेगळ्या व्यक्तींची निवड केली.

महाभियोग म्हटलं की आपल्याला अमेरिकेतले अध्यक्ष आठवतात. आरोपपत्र, सिनेट, दोन तृतीयांश मतं, दूरचित्रवाणीवर दिवसेंदिवस चालणारी सुनावणी. जपानमध्ये यातलं काहीही घडलं नाही, घडू शकतही नव्हतं. तरी सत्तेवरची माणसं गेली. ती कशी गेली आणि त्या जाण्यात काय राहून गेलं, हे समजून घ्यायचं तर सुरुवात कावासाकीपासूनच करावी लागते.

कावासाकी म्हटल्यावर मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर बजाजची मोटारसायकल येते. त्या कंपनीचा या शहराशी संबंध नाही. ते तिच्या संस्थापकाचं आडनाव. कावासाकी हे शहर टोकियो आणि योकोहामा यांच्यामध्ये चिंचोळ्या पट्टीसारखं पसरलेलं आहे. टोकियोहून तामा नदी ओलांडली की ते सुरू होतं. तेव्हा समुद्राकडच्या बाजूला पोलाद आणि तेलशुद्धीकरणाचे कारखाने होते, स्टेशनच्या पश्चिमेला तोशिबाचा जुना कारखाना. साठच्या दशकात इथल्या हवेनं दम्याचे रुग्ण वाढवले. त्या रागातून १९७१ साली समाजवादी आणि साम्यवादी पक्षांच्या पाठिंब्यावर इतो साबुरो महापौर झाले. ते पालिका कर्मचाऱ्यांच्या संघटनेतून आलेले. प्रदूषणावर कडक नियम, माहिती खुली करण्याचा स्थानिक कायदा, अशी कामं त्यांच्या नावावर आहेत. जपानमधल्या परदेशी रहिवाशांना तेव्हा सक्तीनं बोटांचे ठसे द्यावे लागत. जे नकार देतील त्यांची तक्रार आपलं शहर करणार नाही, असं १९८५ साली इतोंनी जाहीर केलं होतं. अशा ‘पुरोगामी’ म्हणवणाऱ्या पालिकेच्या उजव्या हाताचं नाव शेअरच्या यादीत निघावं, हे कावासाकीकरांना जास्त लागलं असणार.

इथे पालिकेच्या रचनेबद्दल थोडं सांगायला हवं. जपानमध्ये देशाचा कारभार संसदीय पद्धतीनं चालतो, पण शहराचा कारभार जवळजवळ अध्यक्षीय पद्धतीनं. महापौर नगरसेवक निवडत नाहीत, लोक थेट निवडतात. आपल्याकडच्या थेट निवडून आलेल्या नगराध्यक्षाला महापालिका आयुक्ताचे सगळे अधिकार दिले तर जे होईल, ते जपानी महापौर. उपमहापौर हे आपल्यासारखं शोभेचं पद नाही. महापौरानं सभागृहाच्या संमतीनं नेमलेला तो बडा अधिकारी असतो, फार तर आपल्या अतिरिक्त आयुक्तासारखा. महापौर त्याला कधीही काढू शकतो.

स्वतः महापौराला काढणं मात्र सोपं नाही. सभागृहाच्या दोन तृतीयांश सदस्यांनी हजर राहायचं आणि हजर असलेल्यांपैकी तीन चतुर्थांशांनी अविश्वासाच्या बाजूनं मत द्यायचं. तसं झालं तरी महापौर दहा दिवसांच्या आत सभागृहच विसर्जित करू शकतो. नवं सभागृह निवडून आलं आणि त्यानंही अविश्वास दाखवला, या वेळी साध्या बहुमतानं, तरच पद जातं. दुसरी वाट लोकांची. ठरलेल्या संख्येनं मतदारांच्या सह्या गोळा करायच्या आणि मग सगळ्या शहराचं मतदान घ्यायचं. निवडणुकीवरच वाद असेल तर तक्रार आधी निवडणूक आयोगाकडे, मग उच्च न्यायालयात. थोडक्यात, अध्यक्षाची वादग्रस्त निवडणूक आणि अध्यक्षावरचा महाभियोग या दोन्हींची छोटी आवृत्ती जपानच्या प्रत्येक पालिकेच्या कायद्यात आहे. देशाच्या राज्यघटनेत नाही.

कावासाकीत ही सगळी यंत्रणा हलवायची गरज पडली नाही. बातमी आली आणि महापौरांनी कोमात्सुंना पदावरून दूर केलं. प्रकरण तिथेच मिटायचं.

खरं तर ते त्याआधीच मिटलं होतं. कानागावा प्रांताच्या पोलिसांनी या शेअरांचा तपास केला होता आणि गुन्हा उभा राहत नाही म्हणून सोडून दिला होता. असाहीच्या योकोहामा कार्यालयात यामामोतो हिरोशी हे अनुभवी पत्रकार डेस्कवर होते आणि त्यांच्या हाताखाली बरीच तरुण मुलं होती. जपानी वृत्तपत्रांची रीत अशी की पोलिसांनी किंवा सरकारी वकिलांनी गुन्हा नोंदवल्यावर बातमी छापायची. तोवर ती वहीत ठेवायची. पोलिसांनी हात झटकले म्हणजे बातमी मेली. यामामोतोंनी उलट ठरवलं. पोलिसांना जमलं नाही तर आपण करू, आणि जे लिहू त्याची जबाबदारीही आपणच घेऊ. स्टेशनच्या पश्चिमेला नव्या कार्यालयीन वस्तीचा प्रकल्प चालू होता आणि त्यात रिक्रूटचा मनोरा उभा राहत होता. जमीन, परवानग्या, आणि त्या परवानग्यांशी संबंध असलेल्या माणसाकडे आलेले शेअर. चटईक्षेत्राच्या भानगडींवर वाढलेल्या मुंबईच्या वाचकाला यात नवं काही वाटणार नाही.

नवं होतं ते देण्याच्या तऱ्हेत. रिक्रूटचे संस्थापक एझोए हिरोमासा यांनी टोकियो विद्यापीठात असताना विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रासाठी जाहिराती मिळवायला सुरुवात केली. १९६० साली त्यातून कंपनी काढली आणि नोकऱ्यांच्या जाहिरातींची मासिकं काढून ते गबर झाले. जपानच्या जुन्या उद्योग घराण्यांच्या पंगतीत त्यांना पाट नव्हता. तो त्यांना हवा होता. त्यांची बांधकाम कंपनी रिक्रूट कॉसमॉस. तिचे शेअर ३० ऑक्टोबर १९८६ रोजी बाजारात आले. त्याच्या महिनाभर आधी निवडक लोकांना ते ३,००० येनला देण्यात आले होते. पहिल्या दिवशी भाव निघाला ५,२७० येन. दहा हजार शेअर असतील तर सव्वादोन कोटी येनहून जास्त नफा, तोही महिन्याभरात. हातात पैसे नसतील तर रिक्रूटचीच फर्स्ट फायनान्स नावाची कंपनी कर्ज देई. म्हणजे घेणाऱ्यानं स्वतःचा एक येनही घालायचा नाही, फक्त सही करायची. पाकिटातून पैसे दिले तर लाच. शेअर दिले तर गुंतवणूक. पोलिस अडले ते इथेच.

कावासाकीच्या बातमीनं एक साधा प्रश्न उभा केला: एका शहराच्या उपमहापौरांना शेअर मिळाले, मग आणखी कुणाकुणाला? जुलैच्या पहिल्या आठवड्यात उत्तर येऊ लागलं. माजी पंतप्रधान नाकासोने यासुहिरो, अर्थमंत्री मियाझावा किइची, सत्ताधारी लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाचे सरचिटणीस आबे शिंतारो, आणि पंतप्रधान ताकेशिता नोबोरु. कुणाच्या सचिवाच्या नावावर, कुणाच्या नातेवाइकाच्या. ‘निहोन केइझाई’ या अर्थविषयक दैनिकाच्या अध्यक्षांचंही नाव आलं आणि त्यांनी राजीनामा दिला. त्याच दिवशी, ६ जुलैला, एझोए यांनी रिक्रूटचं अध्यक्षपद सोडलं.

या चार राजकीय नावांचा एकमेकांशी असलेला संबंध मोठा गमतीशीर आहे. १९८७ च्या शरद ऋतूत नाकासोने यांची मुदत संपत होती. त्यांच्या जागी येण्यासाठी ताकेशिता, आबे आणि मियाझावा असे तिघे इच्छुक होते. संसदेत पक्षाचं बहुमत असलं की पक्षाध्यक्ष तोच पंतप्रधान, म्हणून खरी निवडणूक पक्षात व्हायला हवी होती. ती झालीच नाही. तिघांनी निर्णय नाकासोने यांच्यावर सोपवला आणि त्यांनी ताकेशितांचं नाव घेतलं. कोट्यवधी मतदारांचा देश, आणि पंतप्रधान ठरला एका माणसाच्या शब्दावर. ज्यानं निवडलं तो आणि ज्यांच्यातून निवडलं ते तिघेही पुढच्या वर्षी रिक्रूटच्या यादीत निघाले.

मग सुरू झाला खुलाशांचा हंगाम. “माझ्या सचिवानं केलं, मला माहीत नव्हतं,” हे त्या वर्षीचं पालुपद. मियाझावांनी संसदेत खुलासा इतक्यांदा बदलला की ९ डिसेंबरला त्यांना अर्थमंत्रिपद सोडावं लागलं. त्याआधी सप्टेंबरात आणखी एक प्रकार घडला. छोट्या विरोधी पक्षाचे खासदार नाराझाकी यानोसुके संसदेत रिक्रूटच्या मागे लागले होते. रिक्रूट कॉसमॉसचा एक अधिकारी त्यांच्या घरी पैसे घेऊन आला. त्यानं ५० लाख येन पुढे केले तेव्हा खोलीत निप्पॉन टेलिव्हिजनचा छुपा कॅमेरा चालू होता. ५ सप्टेंबरला ते चित्रण देशानं पाहिलं. त्यानंतर ‘ही गुंतवणूक होती’ हे वाक्य कुणाला पटेना. डिसेंबरच्या अखेरीस ताकेशितांनी मंत्रिमंडळ बदललं, शुद्धीकरणाचा देखावा म्हणून. नवे न्यायमंत्री हासेगावा ताकाशी यांनी रिक्रूटकडून देणग्या घेतल्याचं उघड झालं आणि २७ डिसेंबरला आलेले हासेगावा ३० डिसेंबरला गेले. १३ फेब्रुवारी १९८९ रोजी एझोए यांना अटक झाली. मार्चमध्ये दूरध्वनी कंपनी एनटीटीचे माजी अध्यक्ष शिंतो हिसाशी यांनाही अटक झाली.

आणि पंतप्रधान? त्यांना हटवायचं कुणी?

जपानची राज्यघटना १९४७ साली अमलात आली. तिच्या मसुद्यामागे अमेरिकी अधिकारी होते, पण राज्यपद्धत त्यांनी अमेरिकी दिली नाही. पंतप्रधान लोक निवडत नाहीत, संसद आपल्या सदस्यांतून निवडते. सम्राट फक्त नेमणुकीचा शिक्का देतात. महाभियोग या घटनेत आहे, पण तो फक्त न्यायाधीशांसाठी. कलम ६४ खाली दोन्ही सभागृहांतले सात-सात सदस्य मिळून एक न्यायासन बनतं आणि ते न्यायाधीशाला बडतर्फ करू शकतं. २०२४ पर्यंत असे आठ न्यायाधीश गेले. मंत्र्यासाठी असं काही नाही. उलट कलम ७५ सांगतं की मंत्री पदावर असेपर्यंत पंतप्रधानांच्या संमतीशिवाय त्याच्यावर खटला भरता येत नाही. पंतप्रधानांसाठी आहे तो फक्त अविश्वासाचा ठराव. कनिष्ठ सभागृहानं साध्या बहुमतानं तो मंजूर केला तर दहा दिवसांत एकतर सभागृह विसर्जित करायचं, नाहीतर सगळ्या मंत्रिमंडळानं राजीनामा द्यायचा. कारण सांगायची सक्ती नाही. आरोप सिद्ध करायची तर नाहीच.

अमेरिकेत याच्या नेमकं उलटं आहे. आरोप कलमवार लिहावे लागतात, त्यांवर साक्षीपुरावा होतो आणि सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतं लागतात. हा उंबरठा इतका उंच की १८६८ साली अँड्र्यू जॉन्सन ३५ विरुद्ध १९ मतांनी, म्हणजे एका मतानं वाचले आणि पुढे कुणीही अध्यक्ष सिनेटनं काढला नाही. निक्सन यांनी मतदानाची वाट पाहिली नाही. आपल्या घटनेत राष्ट्रपतींसाठी कलम ६१ आहे, तेही आजवर कधी वापरलं गेलेलं नाही. राष्ट्रपतींच्या निवडणुकीवर वाद झाला तर कलम ७१ नुसार तो थेट सर्वोच्च न्यायालयात जातो. १९६९ च्या निवडणुकीनंतर तसा गेलाही आणि विद्यमान राष्ट्रपती वराहगिरी वेंकट गिरी साक्ष द्यायला न्यायालयात आले. पण राष्ट्रपतींच्या हातात कारभार नसतो. कारभार असलेल्या पंतप्रधानांसाठी आपलाही मार्ग जपानसारखाच आहे.

त्या मार्गाची अडचण १९८९ च्या वसंतात जपाननं पाहिली. १९८६ च्या निवडणुकीत ताकेशितांच्या पक्षाला कनिष्ठ सभागृहात ३०० जागा मिळाल्या होत्या. अविश्वासाचा ठराव आणून उपयोग शून्य. विरोधकांच्या हातात राहिलं एकच हत्यार, अंदाजपत्रकाची चर्चा अडवून धरणं. नाकासोनेंना साक्षीला बोलवा, मगच चर्चा, असं म्हणत त्यांनी बहिष्कार घातला. याच दिवसांत, १ एप्रिलपासून, ३ टक्क्यांचा नवा विक्री कर लागू झाला. दुकानात पावाच्या पाकिटावर सुटे येन मोजून देणाऱ्या गृहिणीला शेअर कुणाला मिळाले हे रोज पेपरात वाचायला मिळत होतं. लोकमत चाचण्यांत सरकारचा पाठिंबा एकअंकी झाला.

ताकेशितांनी संसदेत हिशेब दिला की रिक्रूटकडून आपल्याला मिळालेली एकूण रक्कम १५ कोटी १० लाख येन. थोड्याच दिवसांत असाहीनं दाखवून दिलं की १९८७ साली, पक्षाध्यक्षपदाच्या धामधुमीत, त्यांचे सचिव आओकी इहेई यांच्या नावानं रिक्रूटकडून ५ कोटींचं कर्जही घेतलेलं होतं. ते हिशेबात नव्हतं. कर्ज फेडलेलं होतं, ते बेकायदा होतं असंही कुणी म्हणालं नाही. पण आता ताकेशितांच्या कुठल्याच आकड्यावर कुणी विश्वास ठेवणार नव्हतं. २५ एप्रिलला त्यांनी राजीनाम्याची घोषणा केली. दुसऱ्या दिवशी आओकींनी आत्महत्या केली. कर्ज त्यांच्या नावानं होतं, खुलासेही त्यांच्याच नावानं झाले होते.

महाराष्ट्राला हे वाचताना १९८२ चा जानेवारी आठवेल. अ. र. अंतुले यांच्यावर ट्रस्टसाठी देणग्या आणि सिमेंटचं वाटप यांची सांगड घातल्याचा आरोप होता. तोही वृत्तपत्रानं, अरुण शौरींच्या लेखानं, उघड केला. विधानसभेत अंतुल्यांचं बहुमत भक्कम होतं. तरी १२ जानेवारीला न्यायमूर्ती लेंटिन यांनी मुंबई उच्च न्यायालयात निकाल दिला आणि मुख्यमंत्री गेले. फरक हा की इथे न्यायालयानं निदान एक वाक्य लिहिलं होतं, देणग्या आणि सिमेंट यांचा संबंध होता म्हणून. टोकियोत ताकेशिता पदावरून गेले तेव्हा असं एकही वाक्य कुणी लिहिलेलं नव्हतं.

मे महिन्याच्या अखेरीस नाकासोने साक्षीला आले. त्या साक्षीची दूरचित्रवाणीवरची तऱ्हा नोंदवण्यासारखी आहे. आदल्याच वर्षी संसदेनं साक्षीच्या कायद्यात बदल करून साक्ष चालू असताना चित्रीकरणाला बंदी घातली होती. मग वाहिन्यांनी पडद्यावर एक स्थिर छायाचित्र ठेवलं आणि त्यावर आवाज ऐकवला. माजी पंतप्रधान तासन् तास बोलत होते आणि त्यांचे ओठ हलत नव्हते. संसदेच्या चौकशीच्या अधिकाराची याहून चोख खिल्ली कुणी व्यंगचित्रकारही उडवू शकला नसता.

ताकेशितांच्या जागी कोण? पक्षातले ज्येष्ठ आणि स्वच्छ मानले जाणारे इतो मासायोशी यांना विचारलं, त्यांनी नकार दिला. पुस्तकाचं नुसतं मुखपृष्ठ बदलून काय उपयोग, असा त्यांचा सवाल होता. मग रिक्रूटच्या यादीत नाव नसलेले म्हणून परराष्ट्रमंत्री उनो सोसुके यांना उभं केलं. ते पंतप्रधान झाले आणि काही दिवसांतच ‘संडे माइनिची’ साप्ताहिकानं एका गेशाची हकीकत छापली; उनोंनी पैसे देऊन तिच्याशी संबंध ठेवले होते, असं तिचं म्हणणं. रिक्रूट, विक्री कर, शेतमालाची आयात खुली केल्यानं चिडलेले शेतकरी आणि त्यात उनो. २३ जुलैला वरिष्ठ सभागृहाच्या निम्म्या, १२६ जागांसाठी मतदान झालं. सत्ताधाऱ्यांना ३६ जागा मिळाल्या, समाजवादी पक्षाला ४६. बावीस स्त्रिया निवडून आल्या, हा तोवरचा विक्रम. १९५५ मध्ये पक्ष स्थापन झाल्यापासून पहिल्यांदाच त्याचं वरिष्ठ सभागृहातलं बहुमत गेलं. उनोंनी दुसऱ्या दिवशी राजीनामा जाहीर केला. त्यांचं मंत्रिमंडळ ६९ दिवस टिकलं.

आता राज्यघटनेचं कलम ६७ कामाला आलं. पंतप्रधानाची निवड दोन्ही सभागृहांनी करायची असते. खासदार कागदावर एकच नाव लिहितो. कुणालाच बहुमत मिळालं नाही तर पहिल्या दोघांत फेरमतदान. ९ ऑगस्टला (आपल्याकडे त्या दिवशी क्रांतिदिनाचे कार्यक्रम चालू असतील) कनिष्ठ सभागृहानं काइफु तोशिकी यांना निवडलं. छोट्या गटातले, तुलनेनं तरुण, ठिपक्यांचे टाय घालणारे गृहस्थ. वरिष्ठ सभागृहात १२७ विरुद्ध १०९ मतांनी निवडून आल्या समाजवादी पक्षाच्या अध्यक्षा दोई ताकाको. दोई मूळच्या कोबेच्या, राजकारणात येण्याआधी दोशिशा विद्यापीठात राज्यघटना शिकवायच्या. जपानमधल्या कुठल्याही मोठ्या पक्षाच्या त्या पहिल्या स्त्री अध्यक्षा. घटनेच्या या प्राध्यापिकेला घटनेच्याच कलमानं एका सभागृहानं पंतप्रधान केलं आणि त्याच कलमानं काही तासांत ती निवड रद्दही होणार होती.

दोन सभागृहांची दोन नावं आली की संयुक्त समिती बसते. प्रत्येक सभागृहातून दहा, एकूण वीस सदस्य. समितीत मान्य होण्यासाठी दोन तृतीयांश मतं लागतात. ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं, पण प्रत्येक सभागृह आपले दहा सदस्य आपल्या बहुमतानं निवडतं, म्हणून एका बाजूला काइफुंना मत दिलेले दहा आणि दुसऱ्या बाजूला दोईंना मत दिलेले दहा. दहा विरुद्ध दहा. तडजोड होऊच नये अशी ही रचना आहे, असं मला वाटतं. कायदा करणाऱ्यांनी ती जाणूनबुजून तशी केली की नाही हा भाग वेगळा. समिती बसली, एकमत झालं नाही, तसं सभागृहांच्या अध्यक्षांना कळवण्यात आलं. एकमत न झाल्यास कनिष्ठ सभागृहाचा निर्णय तोच संसदेचा निर्णय, असं कलम ६७ सांगतं. त्या दिवशी काइफु पंतप्रधान ठरले.

दंगल नाही, न्यायालय नाही, मतपत्रिकांची फेरमोजणी नाही. १८७६ च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर अमेरिकेत हेझ की टिल्डन हा वाद मिटवायला खास आयोग नेमावा लागला होता आणि तो ८ विरुद्ध ७ मतांनी सुटला, तेही शपथविधीच्या तोंडावर. जपानमध्ये वाद दिवस मावळायच्या आत संपला. याआधी असं एकदाच, १९४८ साली घडलं होतं. आशिदा आणि योशिदा अशी दोन नावं आली होती. नंतर १९९८, २००७ आणि २००८ मध्ये पुन्हा घडलं. दर वेळी कनिष्ठ सभागृहाचाच माणूस पंतप्रधान झाला. वादग्रस्त निवडणूक सोडवण्याचं जपानी यंत्र उत्तम चालतं, हे कबूल करायला हवं.

पण दोई हरल्या म्हणून ती निवडणूक निष्फळ ठरली असं नाही. वरिष्ठ सभागृह हातात नसल्यानं यापुढे सत्ताधाऱ्यांना प्रत्येक कायद्यासाठी विरोधकांशी बोलणं भाग पडलं, आणि निवडणूक पद्धत बदलल्याशिवाय हा पैशाचा खेळ थांबणार नाही, हे त्यांच्याच तरुण खासदारांना पटू लागलं. काइफुंना सुधारणेची विधेयकं मंजूर करून घेता आली नाहीत. त्यांच्यानंतर पंतप्रधान झाले मियाझावा. होय, रिक्रूटपायी अर्थमंत्रिपद सोडलेले तेच मियाझावा. त्यांनी दूरचित्रवाणीवर सुधारणा करण्याचं वचन दिलं आणि ते पाळता आलं नाही. मग विरोधकांनी अविश्वासाचा ठराव आणला. त्यांच्याच पक्षाचे बंडखोर त्याला मिळाले आणि ठराव २५५ विरुद्ध २२० मतांनी मंजूर झाला. तारीख होती १८ जून १९९३. कावासाकीच्या बातमीला त्या दिवशी बरोबर पाच वर्षं झाली.

निवडणुकीनंतर ३८ वर्षांत प्रथमच लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष विरोधी बाकांवर गेला. होसोकावा मोरिहिरो पंतप्रधान झाले आणि दोई कनिष्ठ सभागृहाच्या पहिल्या स्त्री अध्यक्षा. जानेवारी १९९४ मध्ये निवडणूक सुधारणेची विधेयकं वरिष्ठ सभागृहानं फेटाळली, संयुक्त समिती बसली आणि ठरल्याप्रमाणे अडकली. या वेळी मात्र दोईंनी मध्यस्थी केली. पंतप्रधान होसोकावा आणि विरोधी पक्षनेते कोनो योहेई यांच्यात २८ जानेवारीला रात्री समझोता झाला, दुसऱ्या दिवशी विधेयकं मंजूर झाली. जुनी बहुसदस्य मतदारसंघांची पद्धत गेली. त्या पद्धतीत एकाच पक्षाचे दोन-तीन उमेदवार एकमेकांविरुद्ध उभे राहत आणि जास्त पैसा खर्च करणारा जिंकत असे.

कावासाकीत इतो साबुरो यांनी १९८९ साली प्रकृतीमुळे महापौरपद सोडलं. त्यांच्यानंतर आलेल्या ताकाहाशी कियोशी यांच्या काळात, नोव्हेंबर १९९० मध्ये, शहरानं नागरिकांच्या तक्रारी ऐकणारा स्वतंत्र लोकपाल नेमला. जपानमधला हा पहिला नगरलोकपाल. पालिकेच्या कुठल्याही विभागाविरुद्ध कुणीही रहिवासी त्याच्याकडे जाऊ शकतो. माझ्या मते रिक्रूट प्रकरणातून निघालेली ही सर्वांत नेमकी दुरुस्ती होती. संसदेत जे पाच वर्षांत झालं नाही ते या शहरानं दोन वर्षांत करून दाखवलं. स्टेशनच्या पश्चिमेला तोशिबाचा कारखाना आता नाही. २००६ पासून तिथे लाझोना नावाचं भलं मोठं बाजारसंकुल आहे.

न्यायालयांचा हिशेब वेगळाच चालला. नाकासोने यांचे माजी मंत्री फुजिनामी ताकाओ जिल्हा न्यायालयात सुटले, उच्च न्यायालयात दोषी ठरले आणि १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती शिक्षा कायम केली. एझोए यांचा खटला तेरा वर्षं चालला, ३२२ तारखा पडल्या. ४ मार्च २००३ रोजी निकाल लागला: तीन वर्षांची शिक्षा, पाच वर्षांसाठी स्थगित. तोपर्यंत पंतप्रधान म्हणून ताकेशितांनंतर नऊ जण येऊन गेले होते आणि दहावे पदावर होते. ताकेशिता, नाकासोने, मियाझावा यांच्यापैकी कुणावरही खटला झाला नाही. ताकेशितांनी काय चूक केली होती, हे कुठल्याही सभागृहानं ठरावात लिहिलं नाही, कुठल्याही न्यायासनानं निकालात लिहिलं नाही. माणूस पदावरून हटवायला जपानी पद्धत अमेरिकी पद्धतीपेक्षा कितीतरी चपळ ठरली. त्याचा गुन्हा काय होता हे नोंदवण्यात ती साफ नापास झाली.